सहा वाजून दहा मिनिटांचं जनावर

ता. ६ जुलै

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नका, आणि रागावलातच तर तो राग आत्यावर काढू नका. ती बिचारी तुमचा चहा करते, तुमची औषधं मोजते आणि वर तुमचं ऐकून घेते. अंगठ्याची सूज उतरली का ते आधी कळवा. नेहमीसारखं 'बरं आहे' एवढं लिहून मला वाटेला लावू नका.

इथे ऑफिसात मोठी गंमत चालली आहे. तुम्हाला आमची इमारत ठाऊकच आहे. खाली खडक शाखा, मधे पाणी शाखा आणि वर आमची वन्यजीव शाखा. एकाच सरकारनं एकाच पृथ्वीचा अभ्यास करायला नेमलेली ही माणसं, पण एकमेकांशी बोलतात ती फक्त जिन्यात, आणि तेही कोणीतरी जिना अडवला म्हणून. तर गेल्या आठवड्यात पाणी शाखेचा तपासनीस तुमच्या नदीवरच्या केंद्रात पाण्याची पातळी नोंदवणाऱ्या यंत्राचा कागद बदलायला गेला होता. (निवृत्त होऊन तुम्हाला दीड वर्ष झालं तरी 'तुमच्या नदीवरच्या' म्हणायची माझी सवय जात नाही.) मोजपट्टीच्या खांबापाशी चिखलात त्याला ठसे दिसले. एका ओळीत तीन तऱ्हांचे. एक लांबट आणि गुळगुळीत, एक गोल गादीसारखा, आणि एक लहानसा, वाटोळा, खुरासारखा. दोनाच्या हिशेबात बसत नाहीत, चाराच्याही नाही. तीनच.

खडकसाहेब स्वतः गेले आणि दोन लाख वर्षांपूर्वीचे दगडी ठसे म्हणून सांगून आले. दुसऱ्या दिवशी खात्री करायला पुन्हा गेले तर ते दोन लाख वर्षांपूर्वीचे ठसे अकरा पावलं पुढे गेले होते. तेव्हापासून खडकसाहेब जेवणाच्या सुट्टीत खाली उतरत नाहीत. आमचे प्राणीसाहेब मात्र एकदम तरुण झाले आहेत. सात वर्षांत शाखेला एकही नवं जनावर मिळालं नाही म्हणून शाखा बंद करण्याची फाइल वरपर्यंत गेली होती. आता ती फाइल कुठेतरी खाली दबली आहे आणि साहेब रोज भांग पाडून येतात. ठशांवर प्लास्टर ओतून साचे घ्यायला माणसं गेली आहेत. ते आले की त्यांची चित्रं काढायचं काम अर्थातच माझ्याकडे.

तुमचं घर पुलाच्या पलीकडेच. तुमच्या नजरेस कधी असं काही पडलं का? आणि तुम्ही आता नदीवर जात नाही म्हणालात ते खरं ना? यंत्र बसल्यापासून केंद्राच्या आवारात बाहेरच्या माणसानं पाऊल टाकायचं नाही असा नियम आहे, आणि बाबा, वाईट वाटून घेऊ नका, पण नियमाप्रमाणे आता तुम्ही बाहेरचे.

आत्याला नमस्कार. माया आहेच, पत्राच्या लांबीवर ती मोजू नये.

तुमची
मुलगी


ता. ११ जुलै

चि. बाळ हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. मजकूर समजला. माझी प्रकृती बरी आहे. 'बरी आहे' एवढेच लिहू नये असे तू बजावले आहेस, म्हणून लिहितो की फार बरी आहे.

तू म्हणतेस तसले जनावर मी पाहिलेले नाही. त्या बाजूस माझे जाणे होत नाही. चौतीस वर्षे रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी त्या पट्टीवरचे पाणी वाचले आणि एकही रकाना रिकामा ठेवला नाही, तरी सरकारला माझ्यापेक्षा एका डब्यावर आणि घड्याळाच्या चावीवर जास्त भरवसा वाटला. ठीक आहे. सरकारची नदी, सरकारचा डबा. आपण आपले घरी बसावे.

तरी तुझ्या पाणीसाहेबांच्या कानावर एक गोष्ट घाल. ऐकीव माहिती अशी आहे की त्या यंत्राची लेखणी रोज दोन सेंटिमीटर खाली राहते. कोणीतरी जबाबदार माणसाने रोज सकाळी पट्टीशी ताडून पाहून ती हलक्या हाताने उचलून जागेवर ठेवणे इष्ट आहे. सध्या कोण ठेवते ते मला ठाऊक नाही. सोमवारी पाणी एक मीटर चौऱ्याऐंशी होते, मंगळवारी एक्क्याण्णव, आणि आज सत्त्याऐंशी. हीसुद्धा ऐकीव माहिती समजावी.

आत्या माझ्या खांद्यावरून हे पत्र वाचत आहे आणि तिला खोकल्याची उबळ आली आहे. तिच्या खोकल्यात काही तथ्य नाही.

जेवण वेळेवर करावे. आशीर्वाद आहेतच, ते कमी पडू लागल्यास कळवावे.

बाबा


ता. १२ जुलै

चि. पोरी,
तुला खूप आशीर्वाद.

दादाचं पत्र मीच टपालात टाकलं आणि परत येऊन हे लिहायला बसले. तुझ्या बापाइतका सरळ माणूस मी पाहिला नाही, आणि सरळ माणसाला खोटं बोलता आलं नाही की ते असं चारी बाजूंनी बाहेर सांडतं. ऐकीव माहिती म्हणे. पहाटे साडेपाचला दार वाजतं ते काय माझ्या कानांना ऐकू येत नाही?

अगं, तो रोज जातो. निवृत्त झाल्यावर एक दिवससुद्धा खंड नाही. उजव्या अंगठ्याला चप्पल सहन होत नाही, म्हणून त्या पायाला गोणपाट गुंडाळून सुतळीनं बांधतो. डाव्या पायात तू पाठवलेला गमबूट घालतो. त्याचा तळ झिजून पार गुळगुळीत झालाय, पण नवा घे म्हटलं तर लेकीनं दिलाय म्हणतो. काठीच्या टोकाचं रबर पडलं, तर त्यानं मोरीचं बूच काढून तिथे ठोकलं. तेव्हापासून आमच्या मोरीत पाणी साठत नाही, आणि मी ओरडले की त्याला ऐकू येत नाही.

मी तुला आजवर कळवलं नाही त्याला कारण आहे. तुझी आई गेली त्या दिवशीही तो सहा वाजून दहा मिनिटांनी पट्टीपाशी उभा होता. पाणी वाचलं, वहीत लिहिलं, घरी आला आणि मग रडला. त्यानंतर कितीतरी दिवस तो जेवला तर जेवला, बोलला तर बोलला. पण सकाळी उठायचा मात्र, कारण रकाना भरायचा होता. आता ती वही कोणी मागत नाही हे त्याला कळतं. तरी तो तिच्याच जोरावर उठतो. ते एक काढून घेतलं तर उरलेल्या दिवसाचं तो काय करील, मला माहीत नाही. मला भीती वाटते, पोरी.

तुमचं ते जनावर कोणतं ते मला ठाऊक नाही, पण मला संशय आहे. तू शहाणी आहेस, काय ते समज, आणि मी लिहिलं हे त्याला कळू देऊ नकोस.

खुशाल राहा, आमच्यावरची माया पातळ करू नकोस.

तुझी आत्या


ता. १७ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा माझ्या टेबलावर प्लास्टरचे बेचाळीस साचे होते. लांबट ठशाच्या टाचेजवळ एक बारीक चीर आहे. तो गमबूट मी दुकानातून घेतला तेव्हाच तिथे टोचलेलं होतं, आणि दुकानदारानं त्याबद्दल मला दहा टक्के सोडले होते. म्हणजे आठ दिवस मान मोडून, भिंग लावून, मी आपल्या बाबांची चित्रं काढत होते. 'मागील उजवा पाय स्थूल व केसाळ' असं त्या गोणपाटाखाली मी स्वतःच्या हातानं लिहिलं आहे.

हसू नकोस, पुढचं ऐक. पाणीसाहेबांना यंत्राच्या कागदावर रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी रेघ दोन सेंटिमीटर वर उडालेली दिसली. बाबा लेखणी उचलून जागेवर ठेवतात ना, ती ही रेघ. साहेबांचं म्हणणं, जनावर त्या वेळी पाण्यात उतरतं म्हणून नदी चढते. नदीची रुंदी धरून त्यांनी जनावराचं वजन काढलं, ते अडीच टन भरलं. बाबा बावन्न किलोंचे आहेत. खडकसाहेबांनाही तोंड लपवायला जागा मिळाली. ते म्हणाले, एवढ्या वजनाच्या जनावरानं दगडावर पाय दिला तर ठसा दोन लाख वर्षांचा वाटणारच. तिन्ही शाखांचं एका गोष्टीवर एकमत झालं असं संस्थेच्या इतिहासात पहिल्यांदाच घडलं आहे, आणि जिन्यात आता कोणी कोणाला अडवत नाही.

मी लगेच प्राणीसाहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. बाबा, बूट, गोणपाट, बूच, काही ठेवलं नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की माणसाला दोन पाय असतात हे ते कॉलेजात शिकले आहेत, आणि आरेखकानं घरच्या भानगडी शास्त्रात आणू नयेत. मी लेखी टिपण दिलं. ते टिपण 'विषय वयस्कर असल्यामुळे' अभिप्रायासाठी खडक शाखेकडे पाठवण्यात आलं आहे.

आता खरी काळजी. परवा आदेश निघाला. पहिल्या तारखेपासून पट्टीच्या दोन्ही बाजूंना, पुलापासून वळणापर्यंत, तारेचं कुंपण पडणार. माणसांना आत बंदी, फाटकावर पहारेकरी, आणि कोणी घुसलं तर खटला. जनावराला माणसाचा त्रास होऊ नये म्हणून. म्हणजे बाबांना बाबांचा त्रास होऊ नये म्हणून बाबांना बंदी. मी हे कोणाला सांगू? मैत्रिणीला सांगितलं तर ती मला डॉक्टरकडे चल म्हणाली.

तूच त्यांना तयार कर. काहीतरी दुसरं मन रमवायला शोध. आणि मला शिव्या घालू नकोस, त्या मी स्वतःला पुरेशा घातल्या आहेत. तुझ्या मायेवरच सध्या माझं चाललंय.

तुझी
भाची


ता. २ ऑगस्ट

चि. बाळ हिस,
अनेक आशीर्वाद.

आत्याने मला सर्व सांगितले. तुझे पत्रही दाखवले. ते तू मला दाखवायला सांगितले नव्हतेस हे तिने नंतर सांगितले. तेव्हा आता आडपडदा ठेवत नाही. मी जात होतो. चूक झाली असे मला वाटत नाही.

अडीच टन वाचून मात्र मला फार वाईट वाटले. आकड्यांत अशी हयगय आमच्या वेळी चालत नसे. वरचा साहेब दशांश चिन्हासाठी वही परत पाठवायचा. शिवाय 'केसाळ' हा शब्द तुझ्या हातचा असावा याचाही मी विचार करत बसलो.

मी संस्थेस रीतसर अर्ज केला. सदर ठसे माझे आहेत, मी चौतीस वर्षे आपल्याच सेवेत होतो, तरी मला सकाळी वीस मिनिटे आत जाऊ द्यावे, एवढेच लिहिले. सोबत गमबूट जोडला. उत्तर आले आहे. त्यात माझे आभार मानले आहेत, प्राण्याने वापरलेला बूट संग्रहालयात ठेवला असल्याचे कळवले आहे, आणि प्राणी पुन्हा दृष्टीस पडल्यास त्याच्या जवळ न जाता ताबडतोब कळवावे अशी विनंती केली आहे. बूट परत मिळणार नाही. आता दोन्ही पायांना गोणपाट.

काल पहिली तारीख. मी नेहमीच्या वेळी गेलो. कुंपण पडले आहे. पहारेकरी चांगला माणूस आहे. त्याने मला बसायला खुर्ची दिली, पण आत सोडले नाही. आत फक्त जनावराला परवानगी आहे, असे तो म्हणाला. तिथून पट्टी दिसते, पण आकडे वाचता येत नाहीत. माझी नजर आता तितकी लांब जात नाही. मी खुर्चीवर बसलो आणि सहा वाजून दहा मिनिटे झाली आणि गेली. घरी येऊन वही उघडली. तारीख लिहिली. पुढे काय लिहावे ते सुचले नाही म्हणून मिटून ठेवली. आजही तसेच झाले.

तुझा यात काही दोष नाही. तू कामात लक्ष घाल. आशीर्वाद आहेत.

बाबा


ता. ९ ऑगस्ट

चि. पोरी, आशीर्वाद.

चारच ओळी लिहिते. दादा आज उठला नाही. ताप नाही, दुखत नाही, काही नाही. उठून काय करू, असं मला विचारलं आणि भिंतीकडे तोंड केलं. दाढी पाच दिवसांची आहे. वही उशाखाली घेतली आहे. मोरीचं बूच त्यानं स्वतःहून काढून मला परत दिलं, तेव्हा मला रडूच कोसळलं. वर्षभर त्या बुचावरून मी त्याच्याशी भांडले, आता मला ते नको आहे. तुझ्या तीन मजल्यांत एखादा तरी माणूस असेल, त्याला गाठ.

आत्या


ता. १४ ऑगस्ट

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र आत्यानं मोठ्यानं वाचून दाखवावं आणि तुम्ही भिंतीकडे नाही, तिच्याकडे तोंड करून ऐकावं.

मी एखादा माणूस शोधायला निघाले होते. तो काही सापडला नाही, पण नियम सापडला. कुंपणाच्या आदेशाला सतरा पानांची पुरवणी आहे. ती कोणीच वाचली नव्हती, कारण ती लिहिणारे साहेब बदलून गेले. त्यात नववं कलम असं आहे की कुंपणामुळे प्राण्याच्या नित्याच्या वाटेत खंड पडता कामा नये. वाटेवर प्राण्याच्या मापाची मोकळी जागा ठेवावी आणि त्याच्या येण्याच्या वेळी, आधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास, पहारेकऱ्यानं तिकडे पाठ करून बसावं. त्याला अडवू नये, हटकू नये, त्याच्याकडे पाहूसुद्धा नये.

आता प्राण्याचं माप कोण काढणार? जिच्याकडे बेचाळीस चित्रं आहेत ती. मी नकाशा केला. जागेची उंची पाच फूट आठ इंच, म्हणजे तुमच्या टोपीसकट. रुंदी काठीसकट. वाटेवर दोन ठिकाणी घसरण आहे, तिथे पायऱ्या दाखवल्या. त्याला शेरा दिला की प्राण्याचा मागील उजवा पाय अधू आहे आणि तो पडला तर नदीच्या पातळीत मोठी चूक येईल. पाणीसाहेबांनी हे वाचून ताबडतोब सही केली. पायऱ्यांना डाव्या हाताला कठडा दाखवला. प्राण्याला कठडा कशाला, असं खडकसाहेबांनी विचारलं. मी म्हटलं, अंग घासायला. त्यांना ते पटलं. पट्टीसमोर एक सपाट दगड ठेवायला सांगितला आहे, बसायला. त्याचं कारण कोणी विचारलंच नाही.

काम परवा पुरं होईल. बाबा, मला ठाऊक आहे तुम्ही काय म्हणाल. सरळ माणूस म्हणून जाऊ देत नाहीत आणि जनावर म्हणून जायचं, हे तुमच्या मानी स्वभावाला झोंबणार. मलाही झोंबतं. पण चौतीस वर्षांची वही आणि मान, यांत तुम्ही काय निवडाल ते मी लहानपणापासून पाहत आले आहे. आईनंसुद्धा पाहिलं होतं, आणि ती त्यावरून भांडली तरी डबा वेळेवर भरून द्यायची.

बूच आत्याकडून परत घ्या. तिला नको आहे. रुसवा सोडावा, लोभ सोडू नये.

तुमची
मुलगी


ता. ३० ऑगस्ट

चि. बाळ हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी दाढी केली आणि गेलो.

जागा अगदी मापाची आहे. टोपी लागत नाही. पहारेकरी पाठ करून बसला होता. मी सवयीने त्याला नमस्कार केला, त्याने उत्तर दिले नाही. मग मला आठवले की त्याला तशी मनाई आहे. परंतु दुसऱ्या दिवशी तो नदीकडे पाठ करून, समोरच्या झाडाला सांगितल्यासारखे म्हणाला की आज तिसरी पायरी निसरडी आहे. मी तिसरी पायरी जपून उतरलो. हल्ली तो रोज त्या झाडाशी बोलतो. आपल्या मुलीचे लग्न ठरले तेही त्याने झाडालाच सांगितले. मी परत येताना पेढ्याचा पुडा त्याच झाडाखाली ठेवला होता, तो दुसऱ्या दिवशी नव्हता.

अठरा दिवसांचे रकाने मात्र रिकामे राहिले. तिथे मी काही भरले नाही. अंदाजाने भरता आले असते, पण अंदाज तो अंदाज.

एक गोष्ट तुला लिहावीशी वाटते. पहारेकरी रोज दहा वाजता तुमच्याकडे फोन करून ताजे ठसे असल्याचे कळवतो आणि मग तुमच्याकडे तिन्ही मजल्यांवर हायसे वाटते, असे तो त्या झाडाला सांगत होता. एकदा मला पाच मिनिटे उशीर झाला, तर पाणीसाहेबांनी विचारणा केली. बाळ, मी चौतीस वर्षे कर्मचारी होतो. पुरात गेलो, तापात गेलो. आकडा पोचला की नाही हे दर महिन्याला विचारत, मी घरी पोचलो की नाही हे कोणी कधी विचारले नाही. माझी तक्रार नाही, पण खोटे कशाला बोलू, मला बरे वाटते.

आत्या म्हणते, अडीच टनांचा झाल्यापासून मी तोऱ्यात आहे. तिच्या म्हणण्यात या वेळी काही तथ्य असावे. आशीर्वाद भरपूर आहेत, वाटेल तितके घ्यावे.

बाबा


ता. १९ सप्टेंबर

ती. बाबांना आणि ती. आत्यास,
दोघांना मिळून शि. सा. न. वि. वि.

हे पत्र जीपच्या पुढे पोचावं म्हणून आज रात्रीच्या एसटीच्या कंडक्टरकडे देणार आहे, तेव्हा धावतपळत लिहिते आहे.

बाबा आजारी आहेत हे मला तुमच्यापैकी कोणी कळवलेलं नाही. कळवलं असेल तर पत्र वाटेत आहे. मला ते काल दहा वाजता ऑफिसातच कळलं. सहा वाजून दहा मिनिटांनी ठसे नाहीत. यंत्राची रेघ सरळ. पहारेकऱ्यानं झाडाची शपथ घेऊन सांगितलं की कोणी आलं नाही. मग सहा वाजून पस्तीस मिनिटांनी दुसरेच ठसे. दोन पायांचे, चपलेचे, भराभर आलेले आणि त्याहून भराभर गेलेले. प्राणीसाहेबांच्या मते ही मादी असावी आणि स्वभावानं तापट. आत्या, तू रकाना भरलास हे मी ओळखलं. तू काय वाचलंस ते नीट लिहून ठेव, पण लेखणीला हात लावू नकोस. काल नदी चाळीस सेंटिमीटर चढली आणि खालच्या तीन पुलांवर धोक्याचे इशारे गेले.

इथे काल कोणी जेवलं नाही. खडकसाहेब स्वतः वरच्या मजल्यावर चढून आले आणि माझ्या टेबलापाशी बसून राहिले. पाणीसाहेब दर तासाला फोन करत होते. आज सकाळीही सहा वाजून दहा मिनिटांची रेघ सरळ, आणि साडेसहाला मादी. तेव्हा मी उठले आणि रजेचा अर्ज लिहायला घेतला.

दोन वर्षांत मी चार वेळा रजा मागितली, ते तुम्हाला कधी कळवलं नाही. तुम्हाला वाटत असेल पोरीला यायला सवड होत नाही. 'आई गेल्यावर वडील एकटे आहेत' असं लिहिलं, नामंजूर. 'वडिलांचा पाय दुखतो', नामंजूर. दोनदा नुसतं 'वडील आजारी', तेही नामंजूर, कारण काम तुंबलं आहे. आज मी तो कागदच घेतला नाही. दुसरा घेतला, जागेवर जाऊन राहण्याचा, आणि लिहिलं की प्राणी आजारी असण्याची दाट शक्यता असून, जवळ राहून शुश्रूषा करणं आवश्यक आहे. मुदत, प्राणी बरा होईपर्यंत.

दहा मिनिटांत मंजूर. खडकसाहेबांनी आणि पाणीसाहेबांनी जिन्यातच एकमेकांच्या पाठीवर कागद ठेवून सह्या केल्या. जीप दिली, दोन घोंगड्या दिल्या. सोबत पशुवैद्यही येत आहेत. माणूस चांगला आहे, पण सुई मोठी वापरतो, तेव्हा बाबा, मी येईपर्यंत तुम्ही आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचं औषध मुकाट्यानं घेऊन बरे व्हायला लागा.

त्या कागदात एक रकाना असतो, अर्जदाराचा प्राण्याशी काय संबंध. तिथे लोक निरीक्षक लिहितात, नाहीतर रखवालदार. मी मुलगी असं लिहिलं. प्राणीसाहेबांनी तो रकाना दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि खाली सही केली. मी जिना उतरत होते तेव्हा ते मागून आले, आणि आजूबाजूला कोणी नाही असं पाहून, उजव्या पायाचाच अंगठा ना, एवढंच त्यांनी मला विचारलं.

उद्या दुपारपर्यंत पोचते. तोवर एकमेकांना सांभाळावं, आणि मला थोडी माया शिल्लक ठेवावी.

तुमची
मुलगी